पाहुण्यांशी बोलायची भाषा

मे महिना लागला की आमच्या मेडिकलसमोरून त्या निळ्या बसगाड्या जायला लागतात. कळंबोलीच्या सर्कलवर लोखंड भरलेल्या ट्रेलरच्या रांगेत त्या अडकतात, आतली मुलं कंटाळून काचेला नाक लावून बाहेर बघत बसतात, आणि मग कधीतरी वाट मिळून गाड्या एक्स्प्रेसवेच्या दिशेने निघून जातात. कोन गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ते पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, उंच पाळणा आणि सगळ्याला वळसा घालणारी छोटी आगगाडी. संध्याकाळी त्याच बसगाड्या परत येतात तेव्हा खिडक्यांच्या गजांना ओले टॉवेल बांधलेले असतात आणि मुलं एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपलेली असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या कितीतरी मुलांच्या आया माझ्याकडे कानात घालायचे थेंब मागायला येतात. दुकानदार म्हणून मला हा मोसम आवडायला हवा. गेल्या वर्षापासून तो आवडेनासा झाला आहे.

खरं तर पनवेलच्या मे महिन्यात आवडण्यासारखं बरंच काही असतं. हायवेच्या कडेला डोंगरावरच्या बायका पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसतात. ताडगोळे येतात, पांढऱ्या कांद्यांच्या माळा येतात, आणि सासूबाईंची सुक्या मासळीच्या डब्यांची वार्षिक उलथापालथ सुरू होते. त्या दिवसांत आमच्या रोडपालीच्या फ्लॅटचा जिना चढताना कुणाच्या घरी काय वाळत पडलंय हे नाकाला बरोबर कळतं. मागच्या वर्षी त्या सगळ्या वासांत आणखी एक वास मिसळला होता, क्लोरिनचा. आमच्या गॅलरीत सायलीचा पार्कातला निळा टी-शर्ट रोज धुऊन वाळत पडायचा आणि कितीही पाण्यातून काढला तरी त्याचा तो वास जात नसे. आजही दुकानात ब्लीचिंग पावडरची पुडी उघडली की मला एकदम तो टी-शर्ट दिसतो आणि मन खट्टू होतं.

सायली माझी मुलगी. मागच्या वर्षी तिची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि सुट्टीपुरतं काम म्हणून ती त्या पार्कात लागली. तिथे मे महिन्यासाठी दरवर्षी खूप मुलंमुली घेतात, बहुतेक आसपासच्या गावांतली. माझ्या नवऱ्याला, जो लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसतो, ही कल्पना फार आवडली. पोरगी चार माणसांत वावरेल, बोलायला शिकेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्या घरात बोलायला शिकायची गरज कुणाला आहे? सासूबाई आगरी वळणाच्या, मनात येईल ते तोंडावर बोलणाऱ्या. मी दिवसभर काउंटरवर उभी राहून सांगणार: ही सकाळी, ही रात्री, ही जेवणानंतर, आणि ही घेतल्यावर गाडी चालवायची नाही. नवरा तर काट्यावर जो आकडा दिसेल तोच सांगणार, त्यात त्याला दुसरं काही सांगताच येत नाही. अशा घरातली मुलगी बोलायला शिकायला निघाली होती.

पहिला आठवडा ट्रेनिंगचा होता. संध्याकाळी घरी येऊन ती आम्हाला सगळं करून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. आलेल्या माणसाला कस्टमर म्हणायचं नाही, गेस्ट म्हणायचं. ‘नाही’ हा शब्द वापरायचाच नाही. ‘माहीत नाही’ तर मुळीच नाही. एखादी राइड बंद पडली तर ती बंद पडलेली नसते, ती थोडी विश्रांती घेत असते. तलावाचं पाणी गढूळ झालं तर पाण्याची काळजी घेणं चालू असतं. कुणी उलटी केली तर वॉकीटॉकीवर ‘पिवळं फूल’ म्हणायचं, म्हणजे सफाईवाल्या मावशी बादली घेऊन येतात. आणि लागलं, पडलं, रक्त, अपघात हे शब्द कुठल्याही गेस्टच्या कानावर जाता कामा नयेत. अशा वेळी फक्त मॅनेजर बोलणार. बाकीच्यांनी एकच वाक्य म्हणायचं, “आपली काळजी आम्ही समजू शकतो, आमची टीम लवकरच आपल्याशी बोलेल.” हे सगळं हसऱ्या चेहऱ्याने. वरचे दात दिसले पाहिजेत अशी ताकीद होती. सायली आरशासमोर उभी राहून दात मोजल्यासारखी हसायची. मी म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकांना मी असे दात दाखवले तर माणसं औषध न घेताच पळून जातील.

पण हळूहळू ती भाषा घरात शिरली. मी विचारावं, भात लावलास का? तर उत्तर यायचं, “हो, ते होतंय आई.” होतंय म्हणजे कुकर चढलाय की तांदूळ अजून डब्यातच आहेत, हे बघायला मला उठून जावं लागायचं. वडिलांनी विचारलं, उद्या सुट्टी आहे का? तर “बघू या कसं जमतं ते.” आधी गंमत वाटली. मग माझी चिडचिड व्हायला लागली. सासूबाईंनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “मेधा, पोरीला काय झालंय गो? काय इचारला तं नुसती हसते. हो बी बोलत नाय, नाय बी बोलत नाय.” मी म्हटलं, नोकरी आहे, मे संपला की जाईल. औषधाच्या दुकानात बसून मला कळायला हवं होतं की काही गोष्टी आपोआप जात नाहीत.

घरच्यांसाठी पार्काचा पास मिळाला होता, म्हणून एका गुरुवारी मी दुकान बंद ठेवून सासूबाईंना घेऊन गेले. पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. नायलॉनचे कपडे घालायला सांगितल्यावर त्यांनी काउंटरवरच्या मुलीकडे असं बघितलं की तिने तो विषय परत काढला नाही. पण उंच पाळण्यात बसायची त्यांना फार हौस. पाळण्याजवळ जितू नावाचा ऑपरेटर होता, तिशीचा, आमच्याच बाजूच्या गावातला. माणसं बसली की तो माइक तोंडाशी धरून सूचना म्हणायचा. त्या सूचना इंग्रजीत, मग हिंदीत, एका दमात. दिवसभरात इतक्यांदा म्हणून त्यातले शब्द झिजून गेले होते आणि नुसता सूर उरला होता. पुढच्या पाळण्यातलं गुजराती कुटुंब एकमेकांकडे बघत होतं. मागची पुण्याची मंडळी हसत होती. कुणालाही काही कळलं नव्हतं आणि कुणालाही विचारायचं नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं. “काय बोलतंस रं? मना काय समाजला नाय.”

जितूने नियमाप्रमाणे तेच परत म्हटलं, जरा मोठ्याने. सासूबाईंनी मान हलवली. “नाय समाजला. नीट सांग.”

जितूने माइक खाली घेतला आणि तो हसला. ते हसणं शिकवलेलं नव्हतं. “आजी, ती दांडी धर. घट्ट धर. पालना थांबल्याबिगार उटू नको, नायतर खाली परशील.”

सगळी रांग हसली आणि सगळ्या रांगेने दांडी धरली, गुजराती कुटुंबानेसुद्धा. पाळणा वर गेला, कर्नाळ्याचा सुळका दिसला, दूर खाडी चमकली, आणि सासूबाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. खाली जितूशेजारी पांढऱ्या शर्टातला एक सुपरवायझर येऊन उभा राहिलेला मला वरून दिसला होता. मी त्याचा फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून जितू पार्किंगमध्ये होता. मेच्या उन्हात, डांबरावर, शिट्टी घेऊन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सासूबाईंनी सायलीला विचारलं, “माज्यामुलं कं?” सायली म्हणाली, “तसं काही नाही आजी, रोटेशन असतं.” सासूबाईंना रोटेशन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण नातीचा चेहरा वाचता येत होता. त्या उठून गॅलरीत जाऊन बसल्या. मग ओट्यापाशी भांडी विसळताना सायली माझ्याशी हळूच बोलली, जुन्या आवाजात. “जे लिहून दिलंय त्याच्या बाहेर बोलला म्हणून पाठवलं त्याला. त्याच्या मानेची कातडी सोलून निघालीय आई. मी नाही बाई पार्किंगला जाणार.” तिला हेल्प डेस्कवर बसवलं होतं, एसीत, कारण ती बोलायला चांगली होती. तिने ते बोलताना नळ चालू ठेवला होता, जणू आमच्या घरातही कुणी पांढऱ्या शर्टातलं उभं होतं.

मेच्या शेवटी शेवटी एक दिवस ती घरी आली, नेहमीसारखा चहा प्यायली, टी-शर्ट धुऊन वाळत घातला. मी विचारलं, कसा गेला दिवस? “छान. थोडी गर्दी होती.” बस, एवढंच.

दोन-तीन दिवसांनी दुकानात रेहानाभाभी आल्या. आमच्याच मागच्या सेक्टरमध्ये राहतात, सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या कायम माझ्याकडून नेतात. नवरा आखातात. या वेळी चिठ्ठी वेगळी होती: जखमेवरचं मलम, पट्ट्या, मुलांचं सिरप. त्यांच्या मागे त्यांची आयेशा उभी होती, दुसरी-तिसरीतली, कपाळापासून डोक्यापर्यंत पांढरी पट्टी बांधलेली. मी विचारलं, हे काय झालं? आणि रेहानाभाभी, ज्या एरवी गोळ्यांचं नाव आणि नमस्कार याच्या पलीकडे जात नाहीत, काउंटरला धरून बोलायलाच लागल्या.

पार्कात गेले होते सगळे. आयेशा चुलत भावाबरोबर लाटांच्या तलावात होती, त्या स्वतः बाकीची लहान मुलं घेऊन दुसऱ्या टोकाला. पोरगी पायऱ्यांवर घसरली, कपाळ फुटलं, क्षणभर शुद्ध गेली. तिथल्या लोकांनी उचललं आणि मागच्या गेटने अँब्युलन्समध्ये घालून पनवेलला नेलं, भावालाही बरोबर घेतलं. त्याचा फोन लॉकरमध्ये. हे सगळं त्यांना नंतर कळलं. तेव्हा त्यांना इतकंच कळलं की लोक म्हणतायत, एका लहान मुलीला लागलं, आणि तलावात आयेशा नाही.

“मी धावत त्या डेस्कवर गेले ताई. तिथे एक मुलगी बसलेली. मी इतकंच विचारत होते, माझी बच्ची किधर आहे. जिंदा आहे का नाही, तेवढं तरी सांग. ती बोलते, आपली काळजी आम्ही समजू शकतो. मी परत विचारलं. परत तेच. मी तिच्या पाया पडले, खुदा की कसम, मी पायाला हात लावला तिच्या. ती बोलली, आमची टीम लवकरच बोलेल. एवढा वेळ गेला, मी काय काय नाही सोचलं. मी मनात तिचा कफन पण बघितला. आणि ताई, ती हसत होती. पूर्ण वेळ हसत होती माझ्याकडे बघून.”

मी कात्रीने जखमेच्या पट्ट्या कापत होते. कात्री खाली ठेवली. हेल्प डेस्कवर दुसऱ्याही मुली असतील, असं क्षणभर मनात आलं. मग मी विचारलं, कशी होती दिसायला? केसांची वेणी, म्हणाल्या, आणि हनुवटीवर तीळ. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी आपल्या मुलीला झाकावं असंही वाटलं, दोन्ही एकदम. काउंटरच्या या बाजूला उभं राहून लोकांना नीट सांगायचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला होता. आता तिथेच उभं राहून गप्प बसणं जमेना.

“भाभी, ती माझी मुलगी आहे,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आयेशाकडे. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देतील, किंवा चिठ्ठी उचलून दुसऱ्या दुकानात जातील, आणि दोन्हींसाठी माझी तयारी होती. पण त्या म्हणाल्या, “तिला माझ्या घरी पाठवा. मला माफी नको. तेव्हा जे सांगायचं होतं ते तिने मला येऊन सांगावं. आयेशा कुठे आहे, कशी आहे.”

“पण आता तर तुम्हाला…”

“आता सगळं माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तरी तिच्या तोंडातून ऐकायचंय.”

संध्याकाळी मी सायलीला समोर बसवलं आणि एक शब्द इकडचा तिकडे न करता सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, वरचे दात दिसणारं, आणि ती मला, तिच्या आईला म्हणाली, “मी समजू शकते आई तुला काय वाटतंय ते. आपण यावर नक्की बोलू.”

मी आयुष्यात तिच्यावर हात उचललेला नाही. त्या दिवशीही नाही उचलला, पण उचलायच्या बेतात होते. मी म्हटलं, हे माझ्यासमोर परत बोलायचं नाही, मी तुझी गेस्ट नाही. आणि तेव्हा तो चेहरा उतरला, एकदम नाही, थोडा थोडा, आणि आतून माझी नेहमीची मुलगी बाहेर आली, घाबरलेली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “वॉकीवर ऐकलं होतं मी सगळं. पिवळा ड्रेस, कपाळाला लागलं, शुद्धीवर आलीय, पनवेलला नेतायत. वाक्य तोंडात तयार होतं आई. पण मागे सुपरवायझर उभा होता, आणि मला जितूची मान दिसत होती. आणि मी हसत नव्हते. तोंड तसंच राहतं आता. मला कळतही नाही.”

ती रेहानाभाभींकडे जायला मात्र तयार झाली नाही. आता काय उपयोग, मुलगी बरी आहे ना, असं म्हणत राहिली. मी जबरदस्ती केली नाही. ओढत नेऊन म्हणवून घेतलेलं वाक्य तसंच पाठ केलेलं निघालं असतं.

त्यानंतर काही दिवस मला सगळीकडे ती भाषा ऐकू यायला लागली. बँकेत, बिल्डरच्या ऑफिसात, हॉस्पिटलच्या खिडकीवर, फोनवर. गोड, गुळमुळीत, न संपणारी. आपण प्रश्न घेऊन जातो आणि काहीतरी ऐकून परत येतो, आणि जिना उतरताना लक्षात येतं की आपल्याला काहीच सांगितलेलं नाही. मी सासूबाईंजवळ हे बोलले तर त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या तरुणपणी इथली भातशेती आणि मिठागरं शहरासाठी घेतली गेली, तेव्हा गावात साहेब आला होता. “त्यो बी आसाच बोलायचा. ग्वाड. आमी इचारला, जमीन कवा जानार, आमी कुठं जानार, तं त्यो हसायचा. आमी बी हसलो त्याच्यासंगं. आमाला वाटला चांगला मानूस हाय.” त्या हे तांदूळ निवडता निवडता सांगत होत्या. आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथे कधी त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. सायली बाजूला बसून ऐकत होती आणि ताटातले खडे काढत होती.

मी स्वतःलाही तपासून बघितलं. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या येतात की औषधाचं नाव वाचूनच कळतं, या माणसाला काय झालंय ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो विचारतो, ताई, ही गोळी कशावर? मी म्हणते, डॉक्टरांनी दिलीय ना, बरं वाटेल. ते बोलणंही धूसरच असतं. पण मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलते, आणि तो गेल्यावर ते मला टोचत राहतं. तेवढाच काय तो फरक, आणि तो पुरेसा आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जून आला, पार्काचा मोसम संपला, सायली कॉलेजात जायला लागली. बोलणंही बरंचसं ताळ्यावर आलं. रेहानाभाभी दर महिन्याला सासूच्या गोळ्यांसाठी यायच्या. पहिल्या काही महिन्यांत विचारायच्या, “आली नाही तुमची लेक.” रागाने नाही, आठवण करून दिल्यासारखं. मी म्हणायचे, येईल. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. गोळ्या घ्यायच्या, नमस्कार करायच्या, जायच्या. ते मला जास्त जड गेलं. आयेशाची पट्टी निघाली, केस वाढले, कपाळावर भुवईच्या वर एक पांढरट रेघ राहिली. एकदा त्या सहज बोलून गेल्या की पोरगी शाळेतून यायला जरा उशीर झाला तरी त्यांचे हातपाय गार पडतात, आणि त्यांना तो डेस्क दिसायला लागतो. मी घरी येऊन हेही सायलीला सांगितलं. ती ताट तसंच ठेवून उठली.

आणि आता पुन्हा मे आलाय. निळ्या बसगाड्या सर्कलवर अडकतायत. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून डोक्यावरून विमानं जायला लागलीत, त्यामुळे सासूबाई गॅलरीत मासळी वाळत घालताना दर वेळी मान वर करून बघतात. सायलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली, आणि मागच्याच आठवड्यात तिला पार्कातून फोन आला. मी समोरच होते. या वर्षी तिला डेस्कवर बसायचं नव्हतं, नव्या मुलांना शिकवायचं होतं. गेस्टशी कसं बोलावं ते. पगार चांगला, उन्हात जायचं नाही. फोन स्पीकरवर नव्हता, पण पलीकडच्या बाईंचा आवाज मोठा आणि प्रसन्न होता. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी त्या मुस्लिम लेडीची केस तू किती छान हँडल केलीस, एक शब्द इकडेतिकडे गेला नाही, आम्ही अजून ट्रेनिंगमध्ये तुझं उदाहरण देतो.

सायली म्हणाली, कळवते. फोन ठेवला आणि बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. किती वेळ. रविवारी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, ओढणी घेतलेली, म्हणाली, “आई, चल. त्यांच्याकडे.”

रेहानाभाभींचं घर पहिल्या मजल्यावर आहे. दार त्यांनीच उघडलं. सायलीला बघून त्यांना क्षणभर कळलं नाही, मग कळलं. त्यांनी आम्हाला आत घेतलं. आयेशा पाणी घेऊन आली, उंच झाली होती, सायलीकडे तिने अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि आतल्या खोलीत टीव्ही लावून बसली. कार्टूनचा आवाज येत होता. रेहानाभाभी समोरच्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवून, आणि थांबल्या.

सायलीने सुरुवात केली. “त्या दिवशी आपल्याला जो काही…” आणि तिथेच थांबली. मी बाजूला बसून तिचा चेहरा बघत होते. ओठ वरच्या दातांवरून सरकायला लागले होते, आपोआप, आणि तिने ते हाताने झाकले. तळहाताने तोंड दाबून धरलं. मला वाटलं हिला जमणार नाही, उठून जाईल. रेहानाभाभी हलल्या नाहीत. त्यांनी मदत केली नाही, आणि घाईही केली नाही.

मग तिने हात काढला. हसू नव्हतं. एकेक शब्द सुटा होता.

“काकी, आयेशाला लागलंय. पायरीवरून पडली. कपाळ फुटलंय, रक्त आलंय, पण ती शुद्धीवर आहे, बोलतेय. तिला पनवेलला हॉस्पिटलात नेलंय. भाऊ बरोबर आहे तिच्या. तुम्ही चला, मी गेटपर्यंत तुमच्याबरोबर येते.”

रेहानाभाभी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं सायलीला जवळ घ्यायला उठल्या. पण त्या तिच्या बाजूने पुढे गेल्या, दाराशी. डोक्यावरून ओढणी घेतली, पायाने चपला चाचपल्या, एक सापडली, दुसरी सापडेना. कडीवर हात ठेवून त्या वळल्या.

“कुठलं हॉस्पिटल?” त्यांनी विचारलं.

आतल्या खोलीत आयेशा कार्टून बघून हसत होती. सायली त्यांच्याजवळ गेली आणि तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं.